वाचक विचारतात : मरियम हसन कोण होत्या?

प्रश्न : भाचीच्या मोबाइलवर मरियम हसन या सहरावी, म्हणजे पश्चिम सहारातल्या, गायिकेचे गाणे ऐकले. शब्द एकही कळला नाही, पण तो आवाज दोन दिवस कानातून जाईना. या बाई कोण? त्या चळवळीची गाणी म्हणत असत, असे भाची सांगते. मग त्यांना प्रचारक म्हणावे की कलावंत?
– एक वाचक भगिनी, गिरगाव

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध आधी घेतो. ज्या मुंबईत अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भारून टाकल्या, तिथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी प्रचार आणि कला यांच्यामध्ये भिंत उभी करू नये, असे मला मनापासून वाटते.

मरियम हसन यांचा जन्म 1958 साली वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पश्चिम सहारातील स्मारा शहराच्या परिसरात, एका भटक्या कुटुंबात झाला. तेव्हा हा प्रदेश स्पेनच्या ताब्यात होता. 1975 च्या अखेरीस स्पेनने पाय काढता घेतला, मोरोक्को आणि मॉरिटानिया आत शिरले आणि हजारो सहरावी कुटुंबे अल्जीरियातील तिंदूफजवळच्या ओसाड पठारावर तंबू ठोकून राहू लागली. मरियम त्यांच्यापैकीच एक. पुढे सहरावींच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीने चालवलेल्या युद्धात त्यांचे तीन भाऊ मारले गेले. छावणीतच त्या आघाडीच्या गायनपथकात गाऊ लागल्या. 1976 मध्ये लढताना मरण पावलेल्या अल-वाली या तरुण नेत्याचे नाव या पथकाला दिलेले होते.

त्यांच्या संगीताला ‘हौल’ म्हणतात. त्यात तिदिनीत नावाचे छोटे तंतुवाद्य पुरुष वाजवत. पुढे तिची जागा इलेक्ट्रिक गिटारने घेतली, तरी वळणे जुनीच राहिली. पण मला विशेष वाटते ते तबलचे. लाकडाच्या मोठ्या परातीसारख्या भांड्यावर कातडे ताणून केलेले हे वाद्य जमिनीवर ठेवतात, भोवती बायका बसतात आणि पंजांनी ताल धरतात. आपल्या ‘तबला’ शब्दाचे मूळही त्याच अरबी शब्दात सापडते. आपल्याकडे लावणीत गाणारी बाई आणि ढोलकीवर पुरुष अशीच जोडी डोळ्यांसमोर येते. तिथे मात्र ताल बायकांच्या हातात असतो.

2002 च्या सुमारास त्या स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या साबादेल शहरात राहायला गेल्या. ‘देसेओस’ हा गाण्यांचा संग्रह 2005 साली आला तेव्हा त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगाशी झगडत होत्या, आणि ज्यांच्या गिटारवर तो उभा आहे ते बाबा सलामा त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेले. त्यानंतरचा ‘शुका’, म्हणजे काटा, हा मला त्यांच्या कामातला सर्वांत धारदार वाटतो. स्पेनचे समाजवादी नेते फेलिपे गोन्झालेस 1976 मध्ये छावण्यांत येऊन ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ अशा अर्थाचे भाषण करून गेले होते. पुढे ते पंतप्रधान झाले आणि तो शब्द वाऱ्यावर गेला. मरियमबाईंनी शीर्षकगीतात ते भाषणच समोर ठेवून त्याला उत्तर दिले आहे. याला प्रचार म्हणा हवे तर, पण एका बाईने गळ्याच्या बळावर एका पंतप्रधानाला त्याच्या शब्दाची आठवण करून द्यावी, यासाठी लागणारी ताकद कलेचीच आहे. 2012 चा ‘एल आयुन एग्दात’, म्हणजे ‘एल आयुन पेटले’, हा 2010 च्या अखेरीस एल आयुन या पश्चिम सहारातील सर्वांत मोठ्या शहराबाहेर मोडून काढलेल्या निषेध-छावणीनंतरचा आहे.

जाता जाता एक माहिती देतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते : भारताने 1985 मध्ये पोलिसारिओने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि 2000 मध्ये ती काढून घेतली.

छावण्यांना तिथल्या लोकांनी मागे सुटलेल्या गावांचीच नावे दिली आहेत. आजार बळावल्यावर मरियमबाई स्पेन सोडून छावणीत आपल्या माणसांत परतल्या आणि 22 ऑगस्ट 2015 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी, तिथेच वारल्या. त्या छावणीचे नावही स्माराच आहे.