उलव्यात नवीन फ्लॅटचा ताबा घेण्याआधी पैसे मोजून घराची तपासणी करून घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: नवी मुंबईतल्या उलव्यात सातव्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय, बिल्डर अक्षय्य तृतीयेला चावी देतो म्हणतोय, एका तपासणीवाल्याने काही हजार रुपये सांगितलेत आणि मेहुणे म्हणतात, "नव्या बिल्डिंगमध्ये काय तपासायचंय? नळ सोडून बघा, रंग बघा, झालं."

घ्या करून. पण मेहुणे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, कारण बरेच रिपोर्ट नळ आणि रंगाच्या पुढे जातच नाहीत. मी सिव्हिल इंजिनिअर. आधी बिल्डरांच्या बाजूने फ्लॅट ताब्यात द्यायचं काम केलं, आता पनवेल, उलवे, तळोजा भागात घेणाऱ्यांच्या बाजूने तपासतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत झालंय की या पट्ट्यात खरी तपासणी पाण्याची. टाइलचा उडालेला टवका आणि दाराला लागलेला ओरखडा बिल्डरचा माणूस हसत हसत दुरुस्त करून देतो. अशा किरकोळ दोषांच्या दोनशे ओळींच्या यादीवर तुम्ही खूश आणि तोही खूश.

आधी जागा समजून घ्या. उलवे म्हणजे खाडीकाठची भातशेती आणि खाजणाची जमीन, भराव टाकून उचललेली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदी वळवली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडायला लागली आणि इमारती उगवण्याचा वेग बघायचा तर तुम्ही रोज बघताच. घाईत काय होतं, तर पावसात भिजलेल्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकवर प्लास्टर चढतं, प्लास्टर वाळायच्या आत पुट्टी आणि रंग. ओल आत कोंडली जाते. इकडे चार महिन्यांत सहज दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येणारा. म्हणून तुमच्या फ्लॅटच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती कोणत्या, हे आधी ठरवा. माझा निम्मा वेळ तिथेच जातो.

आता मुहूर्ताचं. अक्षय्य तृतीया म्हणजे ऐन उन्हाळा, भिंती कडकडीत सुक्या. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी, ताब्याचे सगळे मुहूर्त पाऊस नसताना किंवा सरतानाच पडतात, यात बिल्डरचा दोष नाही, पण सोय त्याची होते खरी. एप्रिलमध्ये थर्मल कॅमेरा घेऊन येणारा माणूस भिंतीचे रंगीत फोटो देईल आणि 'ओल आढळली नाही' लिहील. कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, तो पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल्या जागेवरून पाणी उडत असतं म्हणून ती थोडी गार दिसते, एवढंच त्याचं तत्त्व. ओलच नसेल तर दिसणार काय? मॉइश्चर मीटरचंही, म्हणजे ओल मोजणाऱ्या यंत्राचंही तसंच. भिंतीत खार असेल तरी आकडा चढतो, ताजं प्लास्टर असेल तरी चढतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नाही. त्याच फ्लॅटच्या आतल्या, पावसाशी संबंध नसलेल्या भिंतीचा आकडा आणि पश्चिमेच्या भिंतीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

म्हणून उन्हाळ्यात पाणी आपण आणायचं. तपासणीवाल्याला पैसे देण्याआधी एवढंच विचारा की तुम्ही पाणी टाकून बघता का. 'आमच्याकडे मशीन आहे' असं उत्तर आलं तर पुढचा माणूस शोधा.

पहिलं, खिडकी. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत एक मग पाणी ओता. पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, पाणी त्यातून बाहेर पडायला हवं. बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये ती भोकं सिमेंट आणि रंगाने बुजलेली असतात. पाणी पट्टीत साठतं, कोपऱ्यातल्या सांध्यातून आतल्या कडाप्प्याखाली उतरतं आणि जुलैत पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर नकाशा उमटतो. लोक म्हणतात भिंत गळते. भिंत ठणठणीत असते. मग आतला दगड बाहेरच्या बाजूला उतरता आहे का बघा, नुसती लेव्हल लावली तरी कळतं. चौकट आणि भिंत यांच्यातली सीलंटची रेघ बोटाने दाबा, सलग आणि रबरी लागली पाहिजे. पांढऱ्या सिमेंटने भरून वर रंग मारलेला असेल तर पहिल्याच पावसात तिथे केसाएवढी फट पडणार.

दुसरं, बाथरूम. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीत, कापड कोंबून दाराच्या उंबऱ्याच्या खालपर्यंत पाणी भरा आणि दोन दिवस तसंच ठेवा. एका दिवसात संकनमधून (बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट स्लॅबमधून) पाणी खाली उतरेलच असं नाही. मग खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन तुमच्या बाथरूमचा तळ बघायचा. तो अजून रिकामा असेल तर सुपरवायझरकडे चावी असतेच, आणि तो आढेवेढे घ्यायला लागला तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं. पाइप स्लॅबमधून जातो त्या जागी गोल ओला डाग दिसला तर टाइल उखडून काम नव्याने करायला लावा. वरून पांढऱ्या सिमेंटची रेघ मारून देतो म्हणतील, ऐकू नका. तुमच्या वरच्या फ्लॅटच्या बाथरूमसाठीही हेच करा. तुमच्या छताला त्रास त्याचा होणार आहे.

तिसरं, जिप्सम. आता आतून बहुतेक बिल्डर जिप्समचं प्लास्टर करतात. गुळगुळीत दिसतं, लवकर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिप्सम पाण्याने मऊ पडतं, आणि बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर ते असलं की खालचा हातभर पट्टा आधी जातो. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) जरा वर अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. मध्यंतरी एका फ्लॅटमध्ये नख असं रुतलं की आतून भिजलेल्या खडूसारखा लगदा आला, आणि रंग वरून इतका ताजा होता की वास येत होता. एखाद्या खोलीत बाकीच्या भिंतींचा रंग जुना दिसत असेल आणि एकच भिंत ताज्या रंगाची असेल, तर ती का रंगवली हा प्रश्न लेखी विचारा.

वीज, दरवाजे, टाइल्स हे पटकन होतं. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, स्विच झटक्यात पडला पाहिजे. साध्या सॉकेट टेस्टरने प्रत्येक पॉइंटचं अर्थिंग बघा. एसीच्या आणि बाल्कनीच्या दिव्याच्या पॉइंटकडे जास्त लक्ष द्या, बाहेरून पाइपात पाणी शिरतं ते तिथून, आणि मग पावसाळ्यात रात्री-अपरात्री घरची वीज जाते. टाइल काठीने वाजवा. एखाददुसरी पोकळ वाजली तर सोडा, सलग पट्टा वाजला तर लिहा. कारपेट एरिया (घराच्या आतलं क्षेत्रफळ) मोजून घ्या, करारात साधारण ३ टक्क्यांपर्यंत फरक धरलेला असतो.

फ्लॅटच्या बाहेर मात्र घाई करू नका. तपासणीवाले इथे जात नाहीत, कारण पैसे फ्लॅटचे ठरलेले असतात. पार्किंगमध्ये उतरा आणि खांब बघा. नव्याकोऱ्या इमारतीत खांबावर किंवा बीमच्या तळाला तांबूस रेघ दिसली तर सळईवर काँक्रीट कमी आहे. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राच्या हवेला उघडं पडणारं काँक्रीट 'तीव्र' वर्गात येतं आणि तिथे सळईवर किमान ४५ मिमी आच्छादन लागतं. इमारतीच्या कडेने चालत जा. भराव बसतो तेव्हा इमारत बसत नाही, ती खोल पायावर उभी असते, पण भोवतीचे पेव्हर ब्लॉक खचतात आणि ड्रेनेजचे पाइप सांध्यातून सुटतात. इमारतीची भिंत आणि बाहेरचे पेव्हर यांच्यात बोट जाईल एवढी फट असेल, तर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला लावून पाणी वाहतंय की तुंबलंय ते बघा. तुमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर असला तरी चेंबर तुंबल्याचा खर्च सोसायटीत सगळ्यांवर पडणार आहे.

एक गोष्ट मात्र बिल्डरच्या बाजूने सांगतो. कपाटामागे बुरशी आली की लोक लिकेज म्हणून भांडायला जातात, पण दरवेळी ते लिकेज नसतं. जुलैत इथल्या हवेत इतकी वाफ असते की साधारण २५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटतो. तुम्ही बेडरूममध्ये रात्रभर १८ वर एसी लावलात तर पॅसेजच्या बाजूने तीच भिंत दमट होणार, वरच्यांची फरशी ओली होणार. फरक ओळखणं अवघड नाही. जी ओल पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी वाढते आणि उघडीप मिळाली की सुकते ती बाहेरून आलेली. बारा महिने सारखी असते ती पाइपची. कोपऱ्यात, कपाटामागे, हवा लागत नाही तिथे काळे ठिपके येतात आणि रंग मात्र फुगत नाही, ती बहुतेक वाफेची. तिसरीला बिल्डर काही करू शकत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.

आता कागद. उलव्यात भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) सिडको देते, त्याची प्रत हातात आल्याशिवाय तपासणीच्या गप्पा नकोत. ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो, म्हणजे तेवढी मुदत कायद्यानेच दिलीय, मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी चावीसाठी रांगेत उभं राहायची गरज नाही. शेवटचा हप्ताही ताब्याच्या वेळचा असतो, तो भरण्याआधी तपासणी करा. ताब्याच्या पत्रावर 'सर्व काम समाधानकारक' असं छापलेलं असेल तर त्याखाली हाताने 'सोबतच्या यादीतील कामे बाकी' लिहून सही करा, यादीवर त्यांची पोच घ्या. खळखळ करतात, पण देतात.

रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. करारातली पुढची ओळ मात्र फार कमी लोक वाचतात. महारेराच्या नमुना करारात लिहिलंय की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, टॉयलेट किंवा स्वयंपाकघरात पाणी झिरपेल असे बदल केले तर दोष-दायित्व, म्हणजे दोष फुकट दुरुस्त करून द्यायची बिल्डरची जबाबदारी, आपोआप रद्द होतं. आणि आपण चावी मिळाल्या मिळाल्या काय करतो? इंटिरिअरवाल्याला बोलावतो. तो पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या टाइल बदलतो आणि कमोड सहा इंच सरकवतो. मग जुलैत खाली गळलं की बिल्डरला बोट दाखवायला जागा मिळते. बाथरूमला हात लावायचाच असेल तर आधी पाणी भरून बघितल्याचे तारखेसकट फोटो आणि बिल्डरची ईमेलवर संमती, दोन्ही ठेवा.

तपासणीवाला निवडताना हेही लक्षात ठेवा की आपल्याकडे या कामाला कुठला परवाना लागत नाही. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत लागतो. इथे कुणीही टी-शर्ट छापून सुरू करू शकतो. आधीच्या एखाद्या फ्लॅटचा रिपोर्ट नाव झाकून मागा. त्यात नुसते फोटो असतील की कारणही लिहिलंय ते बघा.

घराचं भाडं आणि हप्ता दोन्ही चालू असेल तर लवकर राहायला जावंसं वाटणार, जा. फक्त पश्चिमेच्या भिंतीवरचं वॉर्डरोब आणि टीव्हीमागचं पॅनेलिंग दिवाळीनंतर करा. सलग दोन दिवस पाऊस झाला की त्या भिंतींवर हात फिरवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी ईमेल करा. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरला पाठवू नका, तो सहा महिन्यांनी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.