घरचा केसाडिया लिबलिबीत का होतो आणि तो खमंग कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की टॉर्टिया, म्हणजे केसाडियाची ती पातळ मेक्सिकन पोळी, बाहेरून करपते, आतलं चीज घट्टच राहतं आणि कापायला घेतलं की सारण पाण्यासकट ताटात येतं. आत काय घालता तेही सांगितलंय: कच्चा कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, मक्याचे दाणे, चिकन आणि वरून साल्सा, म्हणजे टोमॅटोची चटणी. निम्मं उत्तर या यादीतच आहे. केसाडिया म्हणजे मुळात टॉर्टिया आणि चीज, बाकीचं चवीपुरतं. २० सेंटिमीटरच्या टॉर्टियाला मी ५० ते ६० ग्रॅम किसलेलं चीज घेते आणि सारण जेमतेम दोन मोठे चमचे. बघायला कमी वाटतं, पण त्याहून जास्त भरलं की उष्णता आतपर्यंत पोचेस्तोवर बाहेरची बाजू काळी पडलेली असते.

आधी चीजचं बघू, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. प्रत्येक चीज वितळतं असं नाही. चीजमधल्या प्रथिनांचं जाळं कॅल्शियमने बांधलेलं असतं. दूध आंबताना त्यातलं थोडं कॅल्शियम सुटतं, जाळं सैल पडतं आणि मग तापवल्यावर चीज वाहू लागतं. आंबटपणा फारच कमी राहिला तर बांधणी सुटत नाही, फार वाढला तर प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात. म्हणून रिकोटा, फेटा, मेक्सिकोतलं केसो फ्रेस्को किंवा कोतिहा कितीही तापवा, ती मऊ होतील, कोरडी होतील, पण तार धरणार नाहीत. ती वरून भुरभुरायला छान. दुसऱ्या टोकाला खूप मुरलेलं चेडर. त्याची चव जबरदस्त, पण तापलं की तेल सुटतं आणि चोथा मागे राहतो. आवडत असेल तर एक चतुर्थांश तेवढं मिसळा.

मेक्सिकोत यासाठी ओआहाका राज्यातलं केसियो नावाचं चीज वापरतात. साकळलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात ताणून त्याच्या लांब पट्ट्या काढतात आणि लोकरीसारखा गुंडा वळतात. वापरताना किसत नाहीत, हाताने धागे सोलतात. उत्तरेकडच्या चिवावा राज्यात वेगळंच चीज चालतं. १९२२ साली कॅनडातून तिथे येऊन वसलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते रुळवलं. फिकट पिवळं, लोण्यासारखी चव, सुंदर वितळणारं. ही दोन्ही मिळाली नाहीत तरी काही बिघडत नाही. केसियो आणि मोझरेला एकाच पद्धतीने, ताणून करतात, त्यामुळे कमी ओलाव्याचं मोझरेला जवळचं आहे. एकट्या मोझरेलाची चव मात्र फिकी लागते, म्हणून त्यात मॉन्टेरे जॅक किंवा कोवळं चेडर अर्धंअर्धं घालावं. पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला नको, त्याचं पाणी सुटतं. आणि एवढं ऐकाच: चीज घरी किसा. पाकिटातल्या तयार किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते एकजीव व्हायला कुरकुर करतं.

आता तवा. जाड बुडाचा, आणि आच मध्यमपेक्षा किंचित कमी. तुमची टॉर्टिया करपते ती इथेच. मोठ्या आचेवर टॉर्टिया मिनिटभरात रंग धरते, चीजला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. गव्हाची टॉर्टिया असेल तर तव्यावर तेल ओतू नका. टॉर्टियाच्या बाहेरच्या बाजूला बोटाने अगदी पातळ लोणी किंवा तेल फासा. तेल साचलं की तिथे तळल्यासारखे डाग पडतात आणि बाकीची जागा पांढरी राहते. टॉर्टिया तव्यावर ठेवून अर्ध्या भागावर चीज, त्यावर सारण, त्यावर पुन्हा चिमूटभर चीज. हे वरचं चीज विसरू नका, तेच दोन्ही बाजू चिकटवून ठेवतं. कडेला बोटभर जागा सोडा, दुमडा आणि उलथन्याने हलकेच दाबा. झाकण ठेवायचा मोह होतो, कारण चीज लवकर वितळतं. पण वाफ धरते आणि कुरकुरीतपणा जातो. घाई असेलच तर पहिल्या अर्ध्या मिनिटापुरतं ठेवा.

वेळेपेक्षा कडेकडे लक्ष ठेवा. पहिली बाजू झाली की दुमडलेल्या कडेतून चीजचा एखादा थेंब बाहेर येतो, तव्यावर चुरचुरतो, पसरून जाळीदार होतो आणि बघता बघता तांबूस. तो तांबूस झाला की उलटायचं. दुसऱ्या बाजूला मिनिट-दीड मिनिट पुरतं. ती चीजची कुरकुरीत जाळी खरवडून फेकू नका. मेक्सिकोत टाकोसाठी ती मुद्दाम तव्यावर करतात, कोस्त्रा म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या केसाडियातला सर्वांत चविष्ट घास तोच असतो. उतरवल्यावर लगेच कापू नका, मिनिटभर जाळीवर ठेवा. चीज जरा धरलं की सारण बाहेर सांडत नाही.

सारणाचा नियम एकच: ते आधी शिजलेलं, कोरडं आणि कोमट हवं. मशरूममध्ये पाणीच पाणी असतं, त्यामुळे पसरट भांड्यात मोठ्या आचेवर, मीठ घालून, पाणी आटून तळाला लागायला येईपर्यंत परतायचं. कांदा-ढोबळी मिरचीही तशीच. चिकन तंतू सुटे करून, टोमॅटो आणि चिपोत्ले या धुरावलेल्या मिरचीच्या रश्श्यात घट्ट आटवलं की झालं तिंगा, मेक्सिकोतल्या नेहमीच्या सारणांपैकी एक. भोपळ्याची फुलं, बटाटा आणि चोरिसो हे मसालेदार सॉसेज, मक्याच्या कणसावर वाढणारी विटलाकोचे नावाची काळी बुरशी ही तिथली आणखी काही सारणं. बुरशीचं नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मशरूमच्या जातीची खोल, मातकट चव असते तिची. कच्चा टोमॅटो आणि साल्सा मात्र आत अजिबात नको. आणि गंमत म्हणजे मेक्सिको सिटीत केसाडिया मागितला तर त्यात चीज असेलच याची खात्री नसते. तिथे ‘चीज घालून’ असं वेगळं सांगावं लागतं, आणि यावरून बाकीचा देश राजधानीची यथेच्छ टिंगल करतो.

गव्हाची टॉर्टिया ही उत्तर मेक्सिकोची. मध्य आणि दक्षिण भागात मक्याची, आणि एकदा तरी ती करून बघा असं मी म्हणेन. पण मक्याचं साधं पीठ आणलंत तर फसाल. ते कितीही मळलं तरी थापताना चिरतं. टॉर्टियासाठीचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात. त्याने साल सुटते, दाण्याचा चिवटपणा जातो आणि दळल्यावर पीठ एकमेकांना धरून राहतं. त्याच प्रक्रियेने मक्यातलं नायसिन हे ब जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. मका युरोपात गेला तेव्हा ही रीत बरोबर गेली नाही, आणि उत्तर इटलीसारख्या ज्या भागांत गरिबांचं पोट मक्यावरच भरत होतं तिथे पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग पसरला. तर, पाकिटावर मासा हारिना, म्हणजे अशा चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, असं लिहिलेलं बघून घ्या. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि मीठ. मळून वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. गोळा दाबल्यावर कडा चिरल्या तर आणखी एक चमचा पाणी. ३० ग्रॅमच्या गोळ्याची, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून, १२-१३ सेंटिमीटरची टॉर्टिया होते. ती कच्चीच असताना चीज भरून दुमडा, कडा दाबून बंद करा आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. हीच तेलात तळतात तेव्हा काय लागते ते सांगत नाही, नाहीतर तुम्ही भाजण्याच्या फंदात पडणार नाही.

साल्सा बाजूला वाटीत द्या. चार टोमॅटो, पाव कांदा, सालीसकट दोन लसणाच्या पाकळ्या आणि दोन मिरच्या त्याच तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसूण सोलायचा, मीठ घालून जाडसर कुटायचं. वरून लिंबू. मिक्सरला लावलात तर दोनच झटके, गुळगुळीत चटणी करू नका.

माणसं जास्त असतील तर एकेक भाजून ओव्हनमध्ये १०० अंशांवर जाळीच्या स्टँडवर ठेवत जा, वीसेक मिनिटं कुरकुरीत राहतात. एकावर एक रचले की खालचे लगेच मऊ पडतात. उरलेला केसाडिया मायक्रोवेव्हमध्ये तापवला तर चामट होतो, मंद तव्यावर तेल न घालता दोन्ही बाजूंनी तापवा.