पाठ केलेले उत्तर आणि समजलेले उत्तर

प्रश्न : पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड असून जावा प्रोग्रामरांच्या तांत्रिक मुलाखती घेतो. सगळी उत्तरे धडाधड देणारा एक उमेदवार आम्ही निवडला, पण प्रत्यक्ष कामात त्याला कोडमधली साधी चूकही शोधता येत नाही. प्रश्न अधिक अवघड करावेत का?

उत्तर : त्याने फारसे साधणार नाही, कारण अवघड प्रश्नांचीही उत्तरे पाठ करता येतात. त्यापेक्षा साधाच प्रश्न घ्यावा आणि त्याचा पिच्छा सोडू नये. हॅशमॅपमध्ये (‘की’ म्हणजे ओळखखुणेवरून नोंदी ठेवणाऱ्या रचनेत) नोंद किती वेळात सापडते, असे विचारल्यास ‘सरासरी ओ ऑफ वन’ (नोंदी कितीही असल्या तरी साधारण तेवढाच वेळ) हे उत्तर बहुतेक जण देतील. मग विचारावे : तुम्ही स्वतः लिहिलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट ‘की’ म्हणून वापरले, त्यात ‘इक्वल्स’ (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते ठरवणारी मेथड) लिहिले, पण ‘हॅशकोड’ (ऑब्जेक्टसाठी एक संख्या काढून देणारी मेथड) लिहायचे राहून गेले, तर काय होईल? हा घोळ ज्याने कधी निस्तरला आहे तो सांगेल, की तशाच दुसऱ्या ऑब्जेक्टने शोधू गेल्यास नोंद बहुधा सापडत नाही, आणि तरीही ती मॅपमध्ये असतेच. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला ‘हॅशकोडवरून बकेट, म्हणजे नोंद ठेवायचा कप्पा, ठरते’ एवढे सांगून तो तर्काने तिथवर पोहोचतो का, ते पाहावे. असा पोहोचणारा उमेदवार मी तोंडपाठ उत्तर देणाऱ्याच्या वर ठेवीन.

तुमची मूळ अडचण चूक न सापडण्याची आहे, तेव्हा कोऱ्या कागदाऐवजी वीसेक ओळींचा चुकलेला कोड वाचायला द्यावा. उदाहरणार्थ, बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करत शोधताना, मधले स्थान काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनने भागतात. परंतु जावातील ‘इंट’ या पूर्णांक-प्रकारात सुमारे २१४ कोटींपर्यंतचीच संख्या मावते, त्यामुळे यादीसारख्या, सव्वाशे कोटी घटकांच्या अ‍ॅरेत ही बेरीज ऋण होऊ शकते. जावाच्या लायब्ररीत ही चूक सुमारे नऊ वर्षे होती आणि तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. म्हणून ती आपणहून दिसली नाही, एवढ्यावरून कोणाला नापास करू नये. अ‍ॅरेचा आकार सांगितल्यावर उमेदवार काय करतो, यावर गुण द्यावेत.

मुलाखत दोघांनी घ्यावी आणि एकमेकांशी बोलण्याआधीच दोघांनी आपापले गुण लिहून ठेवावेत. मात्र एकच नमुना फार काळ वापरल्यास तोही पाठ होईल, तेव्हा पुढचा नमुना तुमच्याच जुन्या बगमधून, ग्राहकाची माहिती काढून टाकून, तयार ठेवावा.