वडिलांची पुंजी शेअरमध्ये घालवली. चार वर्षं झाली, स्वतःला माफ करता येत नाही. काय करू?

शेअरमधलं मला काही कळत नाही. पण "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं कुणी म्हणालं तर त्याला चहासुद्धा पाजू नका. माझी म्हैस बुडाली, त्यात कुणाचं चांगलं झालं?

गाव प्रयाग चिखली, कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठी. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट मिळाले. थोरल्या भावानं तिथं घर बांधलं, मी जुन्याच घरात. ऑगस्ट २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं पडली होती. दादाचा फोन आला, "जनावरं घेऊन वर ये." मी म्हणालो, "२००५ ला गोठ्यात गुडघाभर होतं, काय होत नाही." पंचगंगा त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेली.

रात्री गोठ्यात उतरलो तर पाणी छातीला. तीन म्हशींची दावी कोयत्यानं तोडली, त्या पोहत उंचवट्याला लागल्या. चौथी साखळीला होती. दावं तोडून लोकांच्या उसात शिरायची म्हणून ती साखळी मीच आणलेली. कडी पाण्याखाली, बोटं बधीर, आणि ती मान वर करून नुसती फुरफुरत होती. बायकोनं माडीवरनं हाका मारल्या, तसा मी तिला तिथंच सोडून वर गेलो.

पुढं दीड-दोन वर्षं कुणी म्हशीचं विचारलं की मी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर तासभर बोलायचो. एकदा दूध घालायला गेलो असताना एकानं विचारलं, आणि तोंडातून निघून गेलं, "दादानं फोन केलता, मी ऐकलं नाही." तो "हं" म्हणाला आणि किटली पुढं सरकवली. इतकंच. त्या रात्री झोप लागली मात्र.

पाणी एवढं चढेल हे मला ठाऊक नव्हतं, ते मी सोडून दिलंय. फोन आला होता, ते माझं. तुमचंही असं वेगळं करून बघा, आणि वडिलांना एकदा सरळ सांगा, बाजाराला शिव्या न घालता. २०२१ च्या जुलैत मी ३९ फुटांनाच जनावरं सोनतळीला नेली.

झोपच उडाली असेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा. १४४१६ ला फोन लावा, टेलिमानसचा आहे, पैसे पडत नाहीत. नाहीतर सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा.

आणि माफी एकट्यानंच का मागायची? दादा अजून दर दिवाळीला "तेव्हा ऐकलं असतंस तर" म्हणतो. मी कबूल केलंय. पण सोनतळीचा प्लॉट आबांच्या नावावर होता, दोघांचा. घर बांधताना मला विचारलं होतं का? दादा हे वाचणार नाही, त्याचा पोरगा इथं असतो. त्यानं दाखवलं तर बरंच.