वन्समोअर द्यायचा की नाही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ‘मानापमान’मध्ये एकाच पदाला दोनदा वन्समोअर आला. दुसऱ्यांदा गायचं तुझ्या मनात नव्हतं, पण ऑर्गनवाल्या काकांनी परस्पर मुखडा धरला, तू गायलीस आणि पुढच्या अंकात आवाज फाटला. गळ्याची काळजी करू नकोस. वाफ घे, दोन दिवस बोलणंसुद्धा बंद ठेव. मला लिहायचंय ते त्या परस्पर धरलेल्या मुखड्याबद्दल, आणि त्यासाठी तुला एमा त्रेंतिनी या गायिकेची हकिगत माहीत हवी.

ही इटलीतल्या मांतुआची. अंगाने लहानखुरी, आवाज मात्र उंच आणि धारदार. ऑस्कर हॅमरस्टाइन या नाट्यगृहमालकाने १९०६ मध्ये न्यूयॉर्कला मॅनहॅटन ऑपेरा हाउस उघडलं आणि तिला तिथे आणलं. तिथे ती दुय्यम भूमिका करायची. ‘ला बोएम’ या ऑपेरात नायिका मिमी ही नामांकित गायिका मेल्बाची, त्रेंतिनीच्या वाट्याला दुय्यम म्युझेटा. १९१० मध्ये हॅमरस्टाइनने मेट्रोपॉलिटन या प्रतिस्पर्धी ऑपेरा कंपनीकडून सुमारे १२ लाख डॉलर घेतले आणि दहा वर्षं न्यूयॉर्कात ग्रँड ऑपेरा (म्हणजे सगळं गाण्यातच चालणारा भारदस्त ऑपेरा) करणार नाही असं लिहून दिलं. मग तो हलक्याफुलक्या ऑपेराकडे वळला. त्यात मधेमधे संवाद, मधेमधे गाणी. आपल्या संगीत नाटकाच्या बरंच जवळचं. या सौद्यामुळेच त्रेंतिनी नायिका झाली.

७ नोव्हेंबर १९१० ला ‘नॉटी मारिएटा’ ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलं. (चारच महिन्यांनी इकडे मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. दोन्हीकडे नाटक पदांवर तरत होतं.) संगीत व्हिक्टर हर्बर्टचं. त्यातलं ‘इटालियन स्ट्रीट साँग’ जरूर ऐक. खाली सगळा कोरस चाल धरून असतो आणि नायिका त्याच्यावरून शब्दाविना तुटक, चमकदार स्वर फेकत वर वर जाते, ती थेट गळ्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. समोर पूर्ण वाद्यवृंद आणि माइक नाही. आठवड्याला आठ प्रयोग ही तिथली रीत. हे पद लगेच पुन्हा म्हणायचं म्हणजे काय, ते तुला आता सांगायला नको.

एका प्रयोगाला हर्बर्ट स्वतः वाद्यवृंद चालवत होता. या पदाला वन्समोअर आला, त्याने खूण केली आणि त्रेंतिनीने भरल्या थिएटरात नकार दिला. हर्बर्ट तडकला आणि निघून गेला. हिच्यासाठी पुन्हा एक ओळही लिहिणार नाही, म्हणाला. तो काही लहान माणूस नव्हता. पिट्सबर्गच्या सिंफनीचा संचालक राहिलेला आणि मुख्य म्हणजे तिच्या गळ्याची नस ओळखून लिहिणारा.

तिचं पुढचं नाटक तोवर ठरलेलं होतं. ऐनवेळी रुडॉल्फ फ्रिमल नावाच्या, ब्रॉडवेला अनोळखी असलेल्या प्रागच्या पियानोवादकाला बोलावलं. त्याचं ‘द फायरफ्लाय’ डिसेंबर १९१२ मध्ये आलं आणि गाजलं. पुढे तो ‘रोझ-मरी’ या गाजलेल्या संगीत नाटकापर्यंत चढत गेला. त्रेंतिनीने त्याच्याही काही सुरावटी असलेलं ‘द पेझंट गर्ल’ १९१५ मध्ये केलं. त्यानंतर ब्रॉडवेवर तिचं मोठं असं काही झालं नाही. १९५९ मध्ये ती मिलानला वारली.

लोक म्हणतात, बघा, भांडली म्हणून तिचं काय अडलं? मला हे पटत नाही. आपला गळा ओळखून चाल बांधणारा माणूस गायिकेला आयुष्यात एखादाच भेटतो, आणि तो तिने पाच मिनिटांत घालवला. पण नकार देण्यात तिची चूक होती असंही मी म्हणणार नाही. गळा तिचा होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच लावायचा होता. तो प्रश्न पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर निघाला, इथे सगळं बिघडलं. खूण करण्याआधी हर्बर्टने तिला विचारलेलं नव्हतं आणि तिनेही तोवर त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

तुझी आणि काकांची स्थिती आज तीच आहे. ते तुझे शत्रू नाहीत. वन्समोअर आला की मुखडा धरायचा, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं आहे. तेव्हा रविवारी तिसऱ्या घंटेची वाट न बघता तासभर आधी जा, तबलजींनाही बोलाव आणि पदवार ठरवून टाक. एक वन्समोअर पूर्ण. दुसरा आला तर फक्त अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीपासून, तोही तू ऑर्गनकडे बघितलंस तरच. नाही बघितलंस तर समोरच्या नटाने लगेच पुढचं वाक्य घ्यायचं. त्यालाही आधी सांगून ठेव. प्रेक्षक रागावत नाहीत. वाक्य जोरकस आलं की टाळ्या आपोआप थांबतात, हे मी कितीदा पाहिलंय.

काकांशी बोलताना आवाज फाटल्याचा विषय काढू नकोस. त्यांना फार लागेल आणि मूळ बोलणं राहून जाईल. वयाने मोठे आहेत, आधी नमस्कार कर, मग मुद्द्यावर ये. काय ठरलं ते सोमवारी फोन करून सांग.

तुझी,
ताई