नोंदींची संख्या जुळली म्हणून जुनं होस्टिंग बंद करू नका

तुमचा प्रश्न असा, की संस्थेचा ४०० एमबीचा मायएसक्यूएल डेटाबेस (साइटची सगळी माहिती साठवणारं कोठार) नव्या होस्टवर नेताना पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) इम्पोर्ट अर्ध्यातच थांबतो. त्या वाटेला जाऊच नका. अपलोडची मर्यादा आडवी येते (ते साधन ज्यावर चालतं त्या पीएचपीचं मूळ सेटिंग तर २ एमबीचंच आहे), ती वाढवली तर वेळेची मर्यादा येते. एसएसएचने (सर्व्हरला थेट कमांड द्यायची सुरक्षित वाट) लॉगिन करा, मायएसक्यूएलडम्प या कमांडने सगळ्या डेटाची फाइल (डम्प) काढा, जीझिपने दाबून लहान करून नव्या सर्व्हरवर न्या आणि कमांडलाइनवरून चढवा. एसएसएच नसेल तर होस्टच्या सपोर्टला सांगून त्यांच्याकडून चढवून घ्या.

पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘रेकॉर्डची संख्या जुळली की जुनं अकाउंट बंद करणार.’ ते वाचून राहवलं नाही.

सांगलीतल्या आमच्या वाचनालयात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं. खालच्या फळ्यांवरच्या पुस्तकांचा लगदा झाला, दाखल रजिस्टरंही भिजली. कोणतं पुस्तक होतं, कितवी आवृत्ती, कोणी देणगी दिलेलं, याचा पुरावा उरला तो फक्त ऑनलाइन ग्रंथयादीत. पुढे होस्टिंग महाग झालं म्हणून समितीने हीच यादी हलवायला काढली आणि काम बाहेरच्या एका माणसाला दिलं. त्याने पॅनलवरून एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करून खजिनदार काकांना दोन्हीकडचे आकडे दाखवले. तंतोतंत जुळले. काका म्हणाले, “झालं की! याचं बिल काढा आणि जुनं बंद करा, नूतनीकरणाचे पैसे वाचतील.”

मी म्हटलं, “काका, एक तरी नोंद उघडून वाचू.”

उघडली. पुस्तकाच्या नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एक गोल चिन्ह, पुन्हा तोच ए, मध्येच जपानी येनची खूण. सगळ्या नोंदी तशाच. काका म्हणे, “फॉन्टचं असेल, दिसेल नंतर नीट.”

फॉन्टचा काही संबंध नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह (काना-मात्राही) यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. जुन्या मायएसक्यूएलमध्ये टेबल मुळातच लॅटिन-१ चं (रोमन लिपीसाठीची, एका अक्षराला एक बाइट देणारी पद्धत) बनायचं, ८.० आवृत्तीपासून ते बदललं. आमची जुनी साइट त्या लॅटिन-१ च्या टेबलात मराठीचे बाइट कोंबायची आणि तसेच परत काढायची, म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसायचं. एक्स्पोर्ट करताना त्या प्रत्येक बाइटचं सुटं रोमन अक्षर झालं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आले की येन उमटतो.

हे दुरुस्त होतं, पण मूळ डेटा हाताशी असेल तर निर्धास्तपणे. जुनं अकाउंट बंद करायला मी सही दिली नव्हती, म्हणून तो होता. डम्प लॅटिन-१ कॅरेक्टर सेट सांगून, सेट-नेम्सची (अक्षरांची पद्धत ठरवणारी) ओळ वगळून काढला, फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन-१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) केलं आणि यूटीएफ८एमबी४ सांगूनच चढवला. अक्षर न् अक्षर परत आलं. मात्र ‘कादंबरी’च्या जागी सात प्रश्नचिन्हं दिसली तर त्या प्रतीतलं मराठी संपलं. तिथून ते कोणी परत आणू शकत नाही.

काका अजूनही बैठकीत म्हणतात, वर्षाचे पैसे उगाच गेले. साफ चूक आहे. पुरानंतर त्या यादीशिवाय आमच्याकडे होतं काय? संख्या ओळी मोजते, ओळीत काय लिहिलंय ते तिला कळत नाही. तपासायचंच असेल तर नव्या सर्व्हरवर शीर्षकाच्या कॉलमवर बाइटची लांबी आणि अक्षरांची लांबी काढून भागाकार करा. मराठी शाबूत असेल तर उत्तर तीनच्या आसपास येतं, वरच्यासारखा घोळ असेल तर दोनच्या थोडं वर, प्रश्नचिन्हं झाली असतील तर एक. लांब शीर्षकांची शेपटंही वाचा. २५५ अक्षरांच्या लॅटिन-१ कॉलमात मराठीची फक्त ८५ चिन्हं मावतात, पुढचं जुन्या सर्व्हरने गुपचूप कापलेलं असतं. ते मग शाबूत असलेलं रजिस्टर बघून हाताने भरावं लागतं. तुमच्या समितीत कोणी घाई केली तर हे भागाकार त्यांच्यापुढे ठेवा.

हे सगळं लॅटिन-१ टेबलांपुरतं आहे, हे आधी सांगायला हवं होतं. शो क्रिएट टेबल ही कमांड चालवून टेबल कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा. टेबलं आणि साइटचं कनेक्शन दोन्ही आधीच यूटीएफ८एमबी४ असेल तर ही कसरत करू नका, साधा डम्प पुरतो. जुना सर्व्हर मायएसक्यूएल ८ आणि नवा मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच फाटा) असेल तर त्याच्या जुन्या आवृत्त्या ०९०० वालं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ओळखत नाहीत म्हणून इम्पोर्ट अडू शकतो, फाइलमध्ये ते नाव बदलून घ्या. डम्प काढण्याआधी साइटवर नवी नोंद बंद ठेवा. डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा.