आरसा पुन्हा निखळू नये यासाठी

तुम्ही लिहिलंय की गाडीच्या पुढच्या काचेवरचा आरसा मागच्या धातूच्या बटणासकट (काचेला चिकटणारा छोटा तुकडा, ज्यावर आरशाची दांडी बसते) निघाला, सुपरग्लूने चिकटवला आणि ऊन लागल्यावर पुन्हा खाली आला. ते होणारच होतं. सुपरग्लू चिकटतो झटकन, पण वाळला की ठिसूळ होतो. काच आणि धातू उन्हात सारखे फुगत नाहीत, वर गाडीचे हादरे आहेतच. मग तो थर तडकतो. एपॉक्सी लावा असंही कुणीतरी सुचवेल. माझं मत विचाराल तर नको. फार कडक बसतं, पुढे कधी आरसा ओढला गेला तर काचेचा टवका घेऊन येतं.

आरशासाठीच मिळणारा दोन भागांचा गोंद आणा. त्यात एक अ‍ॅक्टिव्हेटर असतो (गोंद धरायला लावणारं द्रव), एक गोंद. यातले बरेचसे गोंद हवा तुटली की धरतात, म्हणून थर पातळ हवा. मध्यावर एक थेंब पुरे. ‘अजून थोडा, घट्ट बसेल’ म्हणून चोपडलात तर कडेने ओघळतो आणि आत ओलाच राहतो.

गोंदापेक्षाही महत्त्वाची साफसफाई, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. आधी बाहेरच्या बाजूने काचेवर मार्करने बटणाची जागा आखून घ्या, कारण आतला डाग खरवडल्यावर ती सापडत नाही. मग जुना गोंद ब्लेड आडवं धरून काढा. नख फिरवून बघा, कुठे अडलं तर अजून शिल्लक आहे. बटणावरचाही काढा, बारीक पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा. शेवटी दोन्हीकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापड मळायचं थांबेपर्यंत. काच पुसायचा नेहमीचा स्प्रे इथे चालत नाही, आणि डॅशबोर्डच्या पॉलिशमधलं सिलिकॉन काचेवर बसलं असेल तर काहीच धरत नाही. पुसून झाल्यावर बोट लावू नका. सवयीने लागतंच, लागलं तर परत पुसा.

बटणाला उलट-सुलट असते. आरशाच्या दांडीत ते कसं सरकतं ते हातात धरूनच बघा. साधारण निमुळतं टोक वर येतं. आरसा जोडलेला ठेवून चिकटवू नका, वजनाने घसरतो. दांडीवरचा छोटा स्क्रू ढिला करून बटण वेगळं काढा. गोंद लावून ते एक मिनिट न हलवता दाबून धरा. पाकिटावर पंधरा-तीस मिनिटं लिहिलेली असतात, मी रात्रभर सोडतो. काच तापलेली किंवा गारठलेली नसावी, आणि मधल्या वेळात काचेवर गरम-गार हवा सोडू नका.

आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर स्वतः हात घालू नका. कॅमेरा जरा हलला तरी कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची पुन्हा अचूक जुळणी, करावं लागू शकतं. बटणाबरोबर काचेचा तुकडा आला असेल तर गोंदाचा विचार सोडा, आधी काचवाल्याला दाखवा.

बसवताना स्क्रू बेताने आवळा, जास्त पिळलात तर काचेलाच चीर जाते. आणि पहिले काही दिवस आरसा फिरवताना दुसऱ्या हाताने दांडी धरा.